सरळ केलेली बटणं

मित्रांनो, मी एक जुना सिंथेसायझर आहे. पुढे काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, त्यांच्या वर गोल बटणांच्या रांगा आणि पाठीला वायरींची भोकं, असं माझं रूप. माझ्यात ना तारा आहेत ना भाता. माझ्या पोटात वीज गुणगुणते आणि बटणं फिरवाल तसा तिचा आवाज बदलतो.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं. मला स्मरणशक्ती नाही. माझ्यानंतर जन्मलेल्या भावंडांना ती मिळाली. एक कळ दाबली की कालचा आवाज आज जसाच्या तसा हजर! माझं तसं नाही. माणसाने बटणं जिथे सोडली, तिथेच माझी आठवण राहते. बटण हललं की आठवण गेली.

कारखान्यात लांबलचक टेबलापाशी बसलेल्या बायकांनी मला जोडलं. तिथून मी लग्नात वाजवणाऱ्या एका माणसाकडे गेलो. थंडीत माझा सूर उतरायचा. भर लग्नात मी त्याला दोनदा तोंडघशी पाडलं आणि त्याने वैतागून मला मिळेल त्या किमतीला विकून टाकलं. विकत घेतलं ते जर्मनीतल्या एस्लिंगेन गावच्या दोन भावंडांनी, रेनाटे आणि एबरहार्ट यांनी. एबरहार्टला सगळे एबे म्हणत.

एबे बेकरीत कामाला होता. अंगाने भरलेला, गालांनी लाल, हातांची बोटं जाडजूड. त्याचं काम दुपारी संपायचं, मग तो थेट माझ्याकडे यायचा. हात कितीही धुतले तरी त्याच्या बाह्यांतून पीठ झडायचं आणि माझ्या पट्ट्यांच्या फटींत जायचं. रेनाटे त्याची धाकटी बहीण, काडीसारखी बारीक आणि जिभेने तिखट. ती गायची. शेजारच्या जिन्याकडे राहणारा फोल्कर ड्रमचं यंत्र चालवायचा. ते यंत्र त्याने स्वतःच बनवलं होतं आणि त्यातून अधूनमधून धूरही यायचा.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. त्या दोन-तीन वर्षांत जर्मनीत ज्या घराला तळघर होतं त्या घरात एक बँड होता म्हणा ना. आमचंही तळघरच. इमारतीतल्या सगळ्यांची धुण्याची खोली होती ती. वर दोऱ्यांवर लोकांच्या चादरी टांगलेल्या आणि खाली आम्ही. दारावर 'नेबेनराउम', म्हणजे 'बाजूची खोली', अशी पत्र्याची पाटी होती. फोल्कर म्हणाला, "बँडचं नाव शोधताय कशाला? दारावर लिहिलंय की!" तेच नाव पडलं.

एबे मला चालू करायचा आणि लगेच वाजवायचा नाही. मी गरम होईपर्यंत तो एका पालथ्या टबावर बसून राहायचा. रेनाटेचा जीव खालीवर व्हायचा.

"अरे, वाजव ना लवकर! संध्याकाळ इथेच करणार आहेस का?"

"पिठाला आणि याला घाई चालत नाही," तो म्हणायचा.

"मग भट्टीतच घाल त्याला, लवकर फुगेल!"

"बरं," एबे म्हणायचा आणि बसून राहायचा. तो फारसा बोलायचाच नाही. कुणी चिडवलं तरी बरं, कुणी कौतुक केलं तरी बरं.

त्या हिवाळ्यात त्याला तो आवाज सापडला. रोज थोडं थोडं बटण फिरवत, कान लावत, मान हलवत तो शोधत होता. एके दिवशी ओल्या चादरींच्या गारव्यात माझ्यातून असा सूर निघाला की मीच दचकलो. फार दूरच्या घराचं दार उघडून कुणीतरी हाक मारावी आणि नाव नीट ऐकू येऊ नये, तसा तो होता. फोल्करने हातातली पकड खाली ठेवली. रेनाटेच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला ती म्हणाली, "या खोलीत साबणाचा वास फार आहे बाई."

माझं विसरभोळेपण तिला ठाऊक होतं. तिने पर्समधून नखांना लावायचं लाल पॉलिश काढलं आणि प्रत्येक बटणाचं टोक जिथे होतं, तिथे माझ्या अंगावर एकेक बारीक ठिपका दिला. "आता कुणी हात लावला तर त्याची बोटं मोडीन," ती म्हणाली. मित्रांनो, त्या ठिपक्यांनी मी किती मिरवलो म्हणून सांगू! जन्मात पहिल्यांदा मला काहीतरी आठवत होतं.

त्या सुरावर त्यांनी गाणं बांधलं. त्याचं नाव होतं 'वाळत नाही'. वारलेल्या माणसाची चादर दोरीवर आहे, ती वाळत नाही, एवढंच गाणं. रेनाटे ते कोरड्या आवाजात, चेहरा न हलवता म्हणायची आणि तिच्या मागून माझी हाक यायची. एका रेकॉर्ड कंपनीच्या ब्रांडिस नावाच्या साहेबाने ते ऐकलं. त्याने रेकॉर्ड काढली आणि वसंत येईतो गाणं रेडिओवर लागू लागलं. बेकरीत पाव घ्यायला आलेल्या पोरी ते गुणगुणायच्या आणि आत पीठ मळणाऱ्या एबेला कुणी ओळखायचं नाही. त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. एकच गोष्ट त्याला हवी होती. आईने त्याला टीव्हीवर बघावं.

आईचं नाव हेडविग. नवरा गेल्यावर शिवणाच्या कारखान्यात मान मोडून काम करून तिने दोघांना वाढवलं होतं. गाणंबिणं तिला कळत नव्हतं. "तो धुण्याच्या खोलीत काय करतो देव जाणे," असं ती शेजाऱ्यांना सांगायची. पण टीव्हीचं बोलावणं आलं तसा तिचा पाय जमिनीवर ठरेना. "आमचा एबे टीव्हीवर येणार हो!" जिन्यात भेटेल त्याला ती थांबवून सांगे.

आता त्या इमारतीची एक रीत ऐका. एक लाकडी पाटी होती. ती ज्या दाराला लटकेल, त्या घराने त्या आठवड्यात जिना, तळघर आणि धुण्याची खोली झाडून-पुसून लख्ख करायची. मग पाटी पुढच्या दारावर जायची. त्या मुलखातली माणसं एखादा रविवार चर्च चुकवतील, पण पाटी चुकवणार नाहीत. टीव्हीच्या आदल्या आठवड्यात पाटी हेडविगबाईंच्या दारावर होती.

ती बादली घेऊन खाली आली. आधी फरशी घासली, मग नळ, मग खिडकी. मग ती माझ्यापाशी आली आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "अगं बाई! अशा अवतारात टीव्हीवर? लोक काय म्हणतील, आईला काही वळण नाही?" तिने मला ओल्या फडक्याने पुसलं, मग कोरड्या. लाल डाग निघेनात, तेव्हा ती वर जाऊन रेनाटेची पॉलिश काढायची बाटली घेऊन आली. एकेक ठिपका तिने किती मायेने पुसला! आणि सगळी बटणं वेडीवाकडी, कुणाचं तोंड इकडे तर कुणाचं तिकडे. तिला ते बघवेना. प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारखी तिने ती सगळी सरळ, वर तोंड करून लावली. मग इस्त्रीच्या चादरीत मला गुंडाळलं आणि वरून थोपटलं.

मी ओरडत होतो, मित्रांनो. पण वायर जोडल्याशिवाय माझा आवाज निघत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो असा.

स्टुडिओतल्या माणसांनीच चादर सोडली आणि मला चंदेरी पायांवर उभं केलं. टीव्हीवर तेव्हा खरं कुणी वाजवत नसे. रेकॉर्ड लावायची आणि कलाकारांनी नुसते ओठ आणि हात हलवायचे. माझी वायर कुठेच जोडली नाही. रेनाटेच्या तोंडाला पावडर लावत होते, फोल्कर आपल्या यंत्रात अडकला होता, माझ्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. एबे नवा शर्ट घालून माझ्याकडे यायला निघाला, तर ब्रांडिससाहेब आडवा आला.

"एबे, तू जरा कॅमेऱ्याच्या मागे थांब."

"मग वाजवणार कोण?"

"वाजवायचंय कुणाला! नुसतं उभं राहायचंय. उभं राहायला हा टॉर्स्टेन बरा दिसतो." त्याच्याबरोबर केस ताठ उभे केलेला एक फिकट पोरगा होता. "वाईट वाटून घेऊ नकोस. पण तुला बघून लोकांना वाटेल, गाणं आहे की पावाची जाहिरात."

फोल्कर हसला आणि मग त्याने मान खाली घातली. एबेने बहिणीकडे पाहिलं. ती आरशात बघत होती.

"तीन मिनिटांचा तर प्रश्न आहे रे," ती म्हणाली. "आवाज तुझाच लागणार आहे ना?"

"बरं," एबे म्हणाला.

टॉर्स्टेनने माझ्या पट्ट्यांवर बोटं नाचवली. एकही पट्टी त्याने नीट खाली दाबली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या टाळ्या त्या, आणि मी मुका होतो.

कार्यक्रम दाखवला जाणार होता चार-पाच दिवसांनी. रेनाटे आणि फोल्कर मुलाखतींसाठी साहेबाबरोबर पुढे हॅम्बुर्गला गेले. एबे मला घेऊन घरी परतला. आईला तो काहीच बोलला नाही. रोज सांगायचं ठरवत असेल आणि रोज राहून जात असेल. ती तर मेजवानीच्या तयारीत होती. तिने शेजाऱ्यांना बोलावलं, परातभर बटाट्याचं सॅलड केलं आणि मला वर आणून टीव्हीच्या शेजारीच मांडायला लावलं. "लोकांना कळू दे, हेच ते मशीन."

नेगेलेकाका आले, श्टोल्सबाई आल्या, वरच्या मजल्यावरचं अख्खं कुटुंब आलं. गाणं सुरू झालं. पडद्यावर रेनाटे आली. मग मी आलो. मग माझ्यामागे उभा असलेला टॉर्स्टेन आला.

"हा कोण काडीपैलवान?" नेगेलेकाका म्हणाले.

हेडविगबाईंनी चष्मा काढून पदराने पुसावा तसा एप्रनने पुसला आणि परत लावला. "एबे, तू कुठायस रे?"

"मी मागे होतो, आई. कॅमेरा तिकडे आलाच नाही."

खोलीतले काटे-चमचे सुद्धा थांबले. हेडविगबाईंच्या मांडीवर हात होते, ते तिने एकमेकांत घट्ट धरले. मग ती म्हणाली, "पण मशीन किती स्वच्छ दिसतंय, नाही?"

"दिसतंय तर!" श्टोल्सबाई घाईघाईने म्हणाल्या. "अगदी नवंकोरं!"

"लाल डाग पडले होते त्याच्यावर. निघता निघेनात. शेवटी रेनाटेच्या बाटलीतलं औषध लावलं. आणि बटणं ही अशी वाकडीतिकडी! सगळी सरळ केली मी, एकूण एक."

तेव्हा एबेने माझ्याकडे पाहिलं. स्टुडिओतून परतल्यापासून त्या दिवसापर्यंत मी कापडातच होतो, त्याने मला उघडलंच नव्हतं. त्याची नजर एका बटणावरून दुसऱ्यावर गेली, त्यावरून तिसऱ्यावर. मला तोंड असतं तर मी ते लपवलं असतं.

"वाजव ना रे जरा," नेगेलेकाका म्हणाले. बिचारे प्रसंग सावरायला बघत होते. "टीव्हीवर नाही तर नाही, इथे ऐकू आम्ही."

एबेने वायर जोडली. पट्टी दाबली. माझ्यातून डास गुणगुणावा तसा एक पोकळ आवाज निघाला.

"असंच वाजतं ते?" आईने विचारलं. तिच्या आवाजात भीती होती. "माझ्या पुसण्याने काही बिघडलं नाही ना रे?"

एबे तिच्याकडे वळला. त्याने खरं सांगितलं असतं तर तिने जन्मभर स्वतःला बोल लावला असता. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"छे गं. गारठलाय तो. गरम व्हायला वेळ लागतो त्याला," तो म्हणाला. "छान केलंस, आई."

नंतर कितीतरी दुपारी तो माझ्यापाशी बसला. एकदा तर आम्ही त्या आवाजाच्या अगदी उंबऱ्यापर्यंत पोचलो होतो. पण हिवाळा संपला होता, चादरी उन्हात वाळत होत्या, आणि आत काही जाता आलं नाही. मलाच आठवत नव्हतं, मी त्याला काय मदत करणार?

उन्हाळ्यात रेनाटे परतली. दुसरी रेकॉर्ड करायची होती आणि ब्रांडिससाहेबाला तोच आवाज पुन्हा हवा होता. ती थेट तळघरात आली, माझ्यावरचं कापड तिने ओढलं आणि जागच्या जागी थबकली.

"ठिपके कुठे गेले?"

एबेने खाली पडलेलं कापड उचलून घडी घातली.

"मी विचारतेय, एबे. पॉलिश होतं ते, आपोआप नाही उडत."

"गेले."

"गेले काय? मशीन तुझ्याकडे होतं. तू पुसलेस! तीन मिनिटं टीव्हीवर उभं राहायला मिळालं नाही म्हणून? इतका जळलास माझ्यावर?"

तेवढ्यात जिन्यावरून आईची हाक आली. "रेनाटे! एबे! मसूर गार होतायत, या रे दोघं!"

एबेने जिन्याकडे पाहिलं. मग बहिणीकडे.

"बरं," तो म्हणाला. "मी पुसले असं समज."

ती जेवायला थांबली नाही. मित्रांनो, सगळ्या जगात खरं माहीत असलेले आम्ही दोघंच होतो. त्यातल्या एकाला बोलायचं नव्हतं आणि दुसऱ्याला बोलता येत नव्हतं.

कंपनीने स्मरणशक्तीवालं नवं यंत्र घेतलं. दुसरी रेकॉर्ड निघाली आणि कुणी ती ऐकली नाही. पुढच्या वर्षी लोकांना वेगळीच गाणी आवडू लागली. फोल्कर बापाच्या विजेच्या दुकानात बसला. रेनाटे हॅम्बुर्गला एका प्रवास कंपनीत नोकरीला लागली. नाताळला ती यायची, पण वेगळा राहू लागलेला एबे आईला भेटून गेला की मग. मुलं टीव्हीवरून भांडली एवढंच आईला कळलं होतं. त्या घरात माझं नाव काढायचं नाही, असं न बोलताच ठरून गेलं.

एबे आधी रोज यायचा, मग कधीतरी, मग नाहीच. माझ्या डोक्यावर साबणाच्या पावडरीचे खोके आले. दर वेळी पाटी दारावर आली की हेडविगबाई मात्र खोके उचलायची, मला पुसायची आणि चुकून एखादं बटण हललं असेल तर सरळ करायची. तिच्याइतकी माझी काळजी कुणी घेतली नाही. हेच मला अजून सहन होत नाही.

एबे गेला तो बेकरीतच, भट्टीपाशी. छातीत कळ आली आणि बसल्या जागी संपला. केस पिकले होते, लग्न केलं नव्हतं. रेनाटे दफनाला आली, मागे उभी राहिली, फूल टाकलं आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेली. हे मला धुणं वाळत घालणाऱ्या बायकांच्या बोलण्यातून कळलं. त्या दिवशी मला कुणी वायर जोडली असती तर मी काय वाजलो असतो, कुणास ठाऊक.

पुढच्या वसंतात हेडविगबाईंना वृद्धाश्रमात न्यायचं ठरलं. घर आवरायला रेनाटे आली. आईचा हात धरून तिने तिला शेवटचं तळघर दाखवायला खाली आणलं. म्हातारी वाकली होती, पण डोळे तसेच. तिने स्वतःच माझ्यावरचे खोके बाजूला केले.

"बघ, अजून कसा चकचकीत आहे! एबे टीव्हीवर जायचा होता ना, तेव्हा मी घासूनपुसून दिला होता. लाल डाग होते याच्यावर. तुझ्याच बाटलीने काढले."

रेनाटे आईकडे वळली.

"तू काढलेस?"

"मग कोण काढणार? आणि बटणं पण सरळ केली."

"आई," रेनाटेने विचारलं, "एबेला माहीत होतं हे?"

"म्हणजे काय! त्याच्यासमोरच सांगितलं की. छान केलंस म्हणाला." म्हातारीने माझ्यावरून हात फिरवला. मग लेकीकडे बघून ती एकदम कावरीबावरी झाली. "का गं? काही चुकलं का माझं?"

रेनाटेने आजूबाजूला पाहिलं. पालथा टब अजून तिथेच होता. तिने आईला त्यावर बसवलं, तिच्यासमोर गुडघे टेकले आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"नाही गं," ती म्हणाली. "छान केलंस, आई."

आईला वर सोडून ती पुन्हा एकटी खाली आली आणि माझ्या पट्ट्यांवर डोकं टेकून रडली. "एबे, अरे एबे," एवढंच ती म्हणत होती. माझ्या काही पट्ट्या तिच्या कपाळाने खाली दाबल्या गेल्या. मी वाजलो नाही.

आता मी हॅम्बुर्गला तिच्या घरी आहे. येताना तिने मला दुरुस्तीला नेलं होतं. कारागिराने पट्ट्या उचलल्या आणि तो ओरडला, "बाई, आत पीठ भरलंय सगळं! थांबा, हवा मारून साफ करतो."

"हात लावू नका," ती इतक्या जोरात म्हणाली की तो मागेच सरकला. मग हळू आवाजात म्हणाली, "राहू द्या ते."

रविवारी ती मला चालू करते आणि लगेच वाजवत नाही. मी गरम होईपर्यंत शेजारी बसून राहते. मग एकेक बटण जरासं फिरवते, कान लावते, मान हलवते. तो आवाज अजून सापडलेला नाही. तो सापडेल असं मला वाटत नाही, आणि तिलाही वाटत नसावं.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र असेल तर त्याची काळजी घ्या, धूळ पुसा. फक्त पुसण्याआधी ज्याचं आहे त्याला एकदा विचारा. आणि तुमच्यातला एखादा सगळ्याला 'बरं' म्हणून गप्प बसत असेल, तर त्यालाही विचारा. त्याच्या एका 'बरं'वर त्याला दोषी ठरवून जेवण टाकून निघून जाऊ नका. एबेला तिने नीट विचारलं असतं, तर कदाचित त्याने तेव्हाही सांगितलं नसतं. पण विचारायला हवं होतं.